दाढीचा साबण

दाढीचा साबण हा दाढी करण्यापूर्वी चेहऱ्यावर दाट, ओलसर आणि बराच वेळ टिकणारा फेस आणण्यासाठी बनवला जाणारा साबणाचा एक विशेष प्रकार आहे. तो गोल वडी, कांडी किंवा वाटीत बसवलेली लादी अशा घन रूपात मिळतो, तसेच नळीत अथवा बरणीत भरलेल्या मऊ रूपातही मिळतो. या दुसऱ्या रूपाला सर्वसाधारणपणे दाढीचे क्रीम म्हटले जाते. फेस आणण्यासाठी पाणी आणि केसांचा ब्रश लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षे हा साबण युरोप-अमेरिकेतील आणि पुढे आशियातील शहरी पुरुषांच्या दिनक्रमाचा भाग होता. ब्रशविना लावायचे क्रीम, फोमचे डबे, विजेवर चालणारी यंत्रे आणि दाढी राखण्याची फॅशन यांमुळे त्याचा वापर घटला. एकविसाव्या शतकात मात्र बंद पडलेल्या किंवा घटक बदललेल्या जुन्या साबणांविषयी स्मरणरंजनाची एक ठळक लाट निर्माण झाली. तिने काही जुनी उत्पादने पुन्हा बाजारात आणली आणि लहान प्रमाणावर साबण बनवणाऱ्या कारागिरांचा एक नवा वर्ग उभा केला.

रसायन आणि कार्य

अंघोळीचा साबण आणि दाढीचा साबण यांतील मुख्य फरक अल्कली आणि मेदाम्ले यांच्या निवडीत असतो. अंघोळीच्या वडीत प्रामुख्याने सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात. त्यापासून कठीण आणि सावकाश विरघळणारा साबण मिळतो. दाढीच्या साबणात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा मोठा वाटा असतो. पोटॅशियमचा साबण मऊ व पाण्यात सहज विरघळणारा असल्यामुळे ब्रशच्या काही फेऱ्यांतच फेस धरतो. घन वडीत दोन्ही अल्कली मिसळतात, तर मऊ क्रीममध्ये पोटॅशियमच जवळजवळ सर्व काम करते.

मेदाम्लांपैकी स्टिअरिक आम्ल सर्वांत महत्त्वाचे असते. त्याच्या साबणाचे बुडबुडे बारीक आणि चिवट असतात व फेस लवकर बसत नाही. खोबरेल तेलातील लॉरिक आम्लाचा फेस याउलट झटकन फुलतो, पण मोठ्या बुडबुड्यांचा आणि अल्पायुषी असतो. दोहोंचे प्रमाण साधणे हे साबण बनवणाऱ्याचे खरे कसब मानले जाते. गाय व मेंढी यांच्या चरबीत स्टिअरिक आणि पामिटिक आम्ले नैसर्गिकरीत्याच भरपूर असल्यामुळे पाश्चात्त्य देशांत दाढीच्या साबणाचा पाया दीर्घकाळ चरबी हाच राहिला. याशिवाय ग्लिसरीन आणि लोकरीतून मिळणारे लॅनोलिन त्वचेचा ओलावा टिकवण्यासाठी घालतात. थोडे स्टिअरिक आम्ल मुद्दाम अल्कलीशी संयोग न होऊ देता शिल्लक ठेवले जाते. त्याच्या स्फटिकांमुळे चांगल्या क्रीमला मोत्यासारखी झाक येते.

फेस केस मऊ करतो ही समजूत अर्धीच खरी आहे. दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा असतो आणि तो मऊ होतो पाण्याने. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजलेला केस कापायला कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लागतो. साबण केसावरील तेलकट थर काढून पाण्याला वाट करून देतो. फेस ते पाणी चेहऱ्यावर धरून ठेवतो आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये निसरडा थर निर्माण करतो. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो, त्यामुळे विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात उत्तम साबणही निराशा करतो. एकच साबण एका गावात नावाजला आणि दुसऱ्या गावात नापसंत ठरला, तर त्याचे कारण पुष्कळदा पाण्यात सापडते.

इतिहास

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्रल याने १८२३ साली प्राणिज मेदांवरील आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि स्टिअरिक, ओलेइक इत्यादी आम्लांची ओळख करून दिली. त्यानंतर साबणनिर्मिती अंदाजावरून मोजमापावर येऊ लागली. लंडनमध्ये सुगंधी द्रव्ये विकणारी दुकाने व केशकर्तनालये आपापले साबण बनवून घेत. डी. आर. हॅरिस (१७९०), ट्रुफिट अँड हिल (१८०५), टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट (१८५४) आणि जॉर्ज एफ. ट्रम्पर (१८७५) ही त्यांपैकी आजही चालू असलेली नावे आहेत. अमेरिकेत जेम्स बेकर विल्यम्स याने १८४० साली कनेटिकट राज्यातील मँचेस्टर येथे दाढीचा साबण बनवण्यास सुरुवात केली. १८४७ मध्ये हा व्यवसाय जवळच्या ग्लास्टनबरी गावी गेला. विल्यम्सची मगमध्ये बसणारी गोल वडी पुढे दीडशेहून अधिक वर्षे अमेरिकी दुकानांत मिळत राहिली.

नळीतील क्रीमला निमित्त झाला तो एक चित्रकार. जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने १८४१ मध्ये तैलरंगांसाठी दाबता येणाऱ्या पातळ धातूच्या नळीचे पेटंट घेतले. शतकाच्या अखेरीस हीच नळी दंतमंजनाला आणि दाढीच्या क्रीमला लाभली. प्रवासात मग आणि वडी बाळगण्याची गरज त्यामुळे उरली नाही. चेहऱ्यावर थेट घासायची साबणकांडीही याच काळात प्रवाशांत व सैनिकांत लोकप्रिय झाली.

या साबणाचा खरा प्रसार घडवला तो पात्याने. उघडा वस्तरा चालवणे हे शिकून घ्यायचे काम असल्याने बहुतेक पुरुष न्हाव्यावर अवलंबून होते. किंग कॅम्प जिलेटच्या बदलत्या पात्याच्या सुरक्षित रेझरची विक्री १९०३ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ३५ लाख रेझर आणि ३ कोटी २० लाख पाती घेतली. घरी परतलेल्या सैनिकांनी रोज स्वतः दाढी करण्याची सवय सोबत आणली आणि साबणाला घरोघरी गिऱ्हाईक मिळाले.

त्याच युद्धाने एक भीषण प्रकरणही मागे ठेवले. ब्रशांसाठी लागणाऱ्या बिज्जूच्या केसांचा पुरवठा विस्कळीत झाल्याने घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश बाजारात आले. त्यांतील काही नीट निर्जंतुक केलेले नसल्यामुळे ब्रिटन व अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांना चेहऱ्यावर अँथ्रॅक्सची लागण झाली व काहींचा मृत्यू झाला. ब्रिटनने १९१९ च्या अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायद्याच्या आधारे १९२० मध्ये जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयात रोखली. जुन्या काळाच्या गोड वर्णनांत हे प्रकरण क्वचितच येते.

ब्रशविना क्रीम आणि फोमचा डबा

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील माजी प्राध्यापक फ्रँक शील्ड्स याने १९१९ मध्ये बार्बासोल हे क्रीम आणले. ते बोटांनी लावायचे, फेस न येणारे पायस होते आणि त्याला ब्रश लागत नसे. याच प्रकारातील बर्मा-शेव्ह हे मिनियापोलिसच्या बर्मा-व्हिटा कंपनीचे क्रीम १९२५ मध्ये आले. त्याचा ब्रह्मदेशाशी संबंध एवढाच, की कंपनीच्या मूळ मलमातील काही तेले तिकडून येत असल्याचे सांगितले जाई. क्रीमपेक्षा त्याच्या जाहिराती अधिक स्मरणात राहिल्या. रस्त्याच्या कडेला ठराविक अंतरावर लावलेल्या, साधारणतः सहा पाट्यांवर एकेक ओळ लिहून विनोदी पद्य पुरे केले जाई. मोटारी वेगवान झाल्या आणि पाट्या वाचणे अवघड होत गेले. १९६३ मध्ये कंपनी विकली गेली आणि पाट्या उतरवण्यात आल्या. मालाआधी जाहिरातच वस्तुसंग्रहालयात जावी, असे हे विरळ उदाहरण आहे.

१९५० च्या सुमारास 'राइज' या नावाने दाबाखाली भरलेला तयार फेस अमेरिकेत विक्रीस आला आणि काही वर्षांतच फोमच्या डब्याने मग व ब्रश यांना मागे टाकले. डब्यातील फेसात हवेचा वाटा मोठा आणि पाण्याचा कमी असतो, ही जुन्या पद्धतीच्या समर्थकांची तक्रार रसायनाच्या दृष्टीने निराधार नाही. या स्पर्धेतूनच अमेरिकी जाहिरात कायद्यातील एक महत्त्वाचा खटला उद्भवला. कोलगेट-पामोलिव्हच्या 'रॅपिड शेव्ह' या फेसाच्या दूरचित्रवाणी जाहिरातीत फेस लावताच सँडपेपरवरील वाळू रेझरच्या एका ओढीत निघून जाताना दाखवली होती. वास्तविक तो कागद नव्हता, वाळू भुरभुरलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा होता. खऱ्या सँडपेपरला मऊ होण्यासाठी सुमारे ८० मिनिटे भिजावे लागले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये अशी बनावट प्रात्यक्षिके फसवणूक ठरवली.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात श्मश्रू हे परंपरेने नाभिकाचे काम होते. धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, पाण्याची वाटी आणि वस्तरा परजण्याचा चामड्याचा पट्टा असे. बोटांनी पाणी चोळून केस मऊ केले जात. साबण पुढे आला. 'बिनपाण्याने हजामत करणे' हा मराठी वाक्प्रचार ज्या यातनेकडे बोट दाखवतो, तिचा उपाय म्हणजे पाणी, हे त्यातच गृहीत आहे. दाढीनंतर तुरटीचा खडा फिरवण्याची प्रथा अजूनही चालू आहे.

इंग्रजी अमदानीत विलायती साबणकांड्या आणि क्रीमच्या नळ्या मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतील नोकरदार वर्गात पोचल्या. स्वदेशी चळवळीच्या काळात साबणातील चरबी हा प्रश्न धर्म आणि अर्थकारण या दोन्ही अंगांनी पुढे आला. अर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास मुंबईत वनस्पती तेलांपासून साबण बनवण्यास आरंभ केला, आणि प्राणिज चरबी नसणे हेच त्या साबणाचे मुख्य वैशिष्ट्य म्हणून मांडले गेले. दाढीच्या साबणाची गोल वडीही पुढे गोदरेजच्या उत्पादनांत आली. कोलगेट-पामोलिव्हची भारतीय कंपनी १९३७ मध्ये स्थापन झाली.

तरीही आयात चरबी हा भारतीय साबण उद्योगाचा एक महत्त्वाचा कच्चा माल राहिला. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ होत असल्याचे उघड झाले, संसदेत गदारोळ झाला आणि सरकारने चरबीच्या आयातीवर बंदी घातली. साबण कारखान्यांना पाम व इतर वनस्पती तेलांकडे वळावे लागले. युरोपात ज्या घटकबदलाची हळहळ पुढे व्यक्त झाली, तो भारतात असा आधीच आणि वेगळ्या कारणाने घडून गेला होता. येथील ग्राहकांच्या मोठ्या वर्गाला त्याचे दुःख तर नव्हतेच, उलट चरबीमुक्त असल्याची ग्वाही हीच त्यांची मागणी होती. त्यामुळे चरबीयुक्त साबणाविषयीची पाश्चात्त्य ओढ भारतीय स्मरणरंजनात जशीच्या तशी आढळत नाही.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत या साबणाची आठवण त्याच्या नावापेक्षा सभोवतालच्या वस्तूंशी अधिक निगडित आहे. खिडकीच्या गजाला अडकवलेला लहान आरसा, जुनी स्टीलची किंवा अ‍ॅल्युमिनियमची वाटी, बंबातून काढलेले गरम पाणी आणि कडेला पुसून ठेवलेले, पुन्हा वापरायचे पाते हा त्यातील नेहमीचा सरंजाम. नळी शेवटपर्यंत गुंडाळून पिळणे आणि झिजलेल्या वडीचा तुकडा नव्या वडीवर चिकटवणे ही काटकसर सार्वत्रिक होती. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर झळकलेली ओल्ड स्पाइसची जाहिरात, तिच्यातील लाटांवर स्वार झालेला पुरुष आणि कार्ल ऑर्फच्या 'कार्मिना बुराना'मधील समूहगान यांमुळे दाढी व सुगंध यांची सांगड एका पिढीच्या मनात पक्की बसली.

सुगंध

जुन्या साबणांच्या आठवणीत फेसापेक्षा वासाला अधिक स्थान आहे. याला शरीरशास्त्रीय आधार आहे. इतर ज्ञानेंद्रियांचे संदेश मेंदूतील थॅलॅमसमार्गे पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र गंधकंदातून भावना व स्मृती यांच्याशी संबंधित अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसच्या परिसरात अधिक थेट पोचतात. एखाद्या साबणाच्या वासाने वडिलांची किंवा आजोबांची आठवण नेमकी उभी राहावी, पण त्या वासाचे वर्णन करता येऊ नये, हा अनुभव म्हणूनच सर्वत्र सांगितला जातो.

पाश्चात्त्य केशकर्तनालयाचा म्हणून ओळखला जाणारा वास मुख्यतः 'फुजेर' या सुगंधकुलातील आहे. हूबिगाँ या फ्रेंच सुगंधगृहाने १८८२ मध्ये 'फुजेर रोयाल' हे अत्तर आणले, त्यावरून हे नाव पडले. लव्हेंडर, ओकमॉस हे झाडावर वाढणारे दगडफूल आणि वाळलेल्या गवतासारख्या वासाचे कुमारिन हे त्याचे आधार होत. विल्यम पर्किनने १८६८ मध्ये कुमारिन प्रयोगशाळेत बनवून दाखवल्यामुळेच हे कुल शक्य झाले. इटलीत कडू बदामाचा वास रूढ आहे. मिलानच्या चेल्ला या मऊ साबणाची तीच ओळख आहे. फ्लोरेन्सच्या प्रोरासोत निलगिरी आणि मेंथॉल असते. तुर्कस्तानच्या आर्को या कांडीचा लिंबासारखा तीक्ष्ण वास काहींना स्वच्छतेचा, तर काहींना फिनेलचा वाटतो. जर्मनीच्या टबॅक या १९५९ पासूनच्या सुगंधाचा साबण आणि पोर्तुगालचा मुस्गो रेआल यांचाही या आठवणींत वरचेवर उल्लेख येतो.

घटकबदल आणि त्यावरील वाद

एखादा साबण बंद पडणे आणि त्याच नावाने वेगळा साबण विकला जाणे, यांपैकी दुसरी गोष्ट चाहत्यांना अधिक झोंबते. असे बदल तीन कारणांनी झाले. पहिले कारण चरबी. मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने गाईंमधील 'मॅड काऊ' रोग आणि माणसातील एक प्राणघातक मेंदूविकार यांच्यातील संभाव्य संबंध मान्य केल्यावर गाईच्या चरबीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. शाकाहारी ग्राहकांची संख्याही वाढत होती. अनेक उत्पादकांनी पाम तेल व त्यापासूनचे स्टिअरिक आम्ल स्वीकारले. पाम लागवडीसाठी होणारी जंगलतोड पाहता हा बदल पर्यावरणाच्या दृष्टीने निर्विवाद चांगला म्हणता येत नाही.

दुसरे कारण सुगंधी द्रव्यांवरील निर्बंध. मस्क अँब्रेट या कृत्रिम कस्तुरीमुळे त्वचेला सूर्यप्रकाशाची अ‍ॅलर्जी होत असल्याचे आढळल्याने युरोपात १९९५ मध्ये तिच्यावर बंदी आली. ओकमॉसमधील अ‍ॅट्रॅनॉल व क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल या अ‍ॅलर्जीकारक घटकांवर युरोपीय संघाने २०१७ मध्ये बंदीचा निर्णय घेतला आणि तो २०१९ ते २०२१ या काळात अमलात आला. लिलियल हे फुलांच्या वासाचे द्रव्य मार्च २०२२ पासून वर्ज्य झाले. या निर्णयांमागे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलेले खरे रुग्ण होते. तरीही परिणाम असा झाला, की काही जुने सुगंध मूळ सूत्राने युरोपात कायदेशीरपणे विकता येत नाहीत.

तिसरे कारण सर्वांत साधे आहे आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. खप उरला नाही आणि कंपन्यांचे हस्तांतर होत गेले. नव्या मालकासाठी दाढीच्या साबणाची वडी हा ताळेबंदातील एक लहान रकाना होता. ओल्ड स्पाइस हे नाव मूळच्या शुल्टन कंपनीकडून १९९० मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेले. तिची जहाजाचे चित्र असलेली मातीची मगे आज संग्राहकांच्या कपाटात आहेत, पण त्यांत बसणारी वडी बनत नाही.

टबॅकच्या साबणातून अलीकडे चरबी वगळली गेली, तेव्हा जुना साठा विकत घेऊन ठेवणाऱ्यांची धांदल उडाली. आपण आठवणीतला साबण शोधतो आहोत की आठवणीतले वय, हा प्रश्न चाहत्यांमध्येही विचारला जातो. जुना आणि नवा साबण डोळे बांधून वापरला तर किती जणांना फरक कळेल, याविषयी त्यांच्यात एकमत नाही. फेसाचा चिवटपणा आणि दाढीनंतर त्वचा कोरडी पडणे या दोन बाबतींत मात्र घटकांतील बदलाचा परिणाम प्रत्यक्ष जाणवू शकतो, कारण तो मेदाम्लांच्या प्रमाणावर अवलंबून असतो.

पुनरुज्जीवन आणि संग्रह

अनेक पात्यांच्या रेझरची किंमत वाढत गेल्याने २००० नंतर काही पुरुष दुधारी पात्याकडे, आणि त्यासोबत ब्रश व साबणाकडे परतले. यातील तरुणांच्या दृष्टीने हे परतणे नव्हतेच. त्यांनी तो साबण पूर्वी कधी वापरलेला नव्हता, तरी त्याविषयी ओढ वाटत होती. अमेरिका, इटली आणि इतर देशांत घरगुती वा लहान कारखान्यांतील साबणकार जुन्या सूत्रांवरून, कित्येकदा पुन्हा चरबी वापरून, साबण बनवू लागले. भारतात हा वर्ग लहान आहे, परंतु दुधारी पाती येथे कधीच दुर्मीळ झाली नाहीत आणि गल्लीतल्या सलूनमध्ये ब्रशने फेस आणण्याची रीत खंडित झाली नाही. ट्रुफिट अँड हिलची शाखा मुंबईत उघडली, तेव्हा तेथे वारसा म्हणून विकली जाणारी सेवा जवळच्या साध्या दुकानात रोजचीच होती.

जुना साबण वापरावा की नुसता जपावा, हा संग्राहकांपुढील व्यावहारिक प्रश्न आहे. कोरड्या जागी ठेवलेली घन वडी दशकानुदशके फेस देते. तिच्या सुगंधातील लिंबूवर्गीय हलकी द्रव्ये आधी उडून जातात आणि जड द्रव्ये मागे उरतात, म्हणून जुन्या वडीचा वास मूळ वासाहून गडद व गोडसर वाटतो. असंपृक्त मेद हवेच्या संपर्काने खवट होतो, आणि पिवळे-तांबूस डाग ही त्याची पहिली खूण असते. क्रीमच्या जुन्या नळ्यांबाबत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. काही जुन्या नळ्या शिशाच्या होत्या आणि गंजलेल्या नळीतील क्रीम चेहऱ्यावर लावणे धोक्याचे आहे. घोड्याच्या केसांचे पहिल्या महायुद्धकालीन ब्रशही वापरात न आणता केवळ पाहण्यासाठी ठेवावेत.